डिंगाचें वजन

इ. स. पूर्व ६०६ ह्या वर्षीं छू देशाचा राजा च्वांग एका रानटी टोळीवर स्वारी करीत करीत लो नदीच्या प्रदेशांत, चौ सम्राटांच्या राजधानीच्या सीमेपाशीं, येऊन ठेपला आणि तेथें त्यानें आपल्या सैन्याचें मोठें प्रदर्शन मांडलें. चौ वंशाचें बळ त्या वेळीं पार ओसरलें होतें; नांवाला मात्र सर्व चीनचा धनी अजून तोच होता. सम्राटानें पाहुण्याच्या स्वागतासाठीं वांगसुन मान नांवाचा आपला एक अधिकारी पाठविला. कुशलप्रश्न झाल्यावर छूच्या राजानें सहज विचारल्यासारखें विचारलें कीं, तुमच्या सम्राटांपाशीं जीं नऊ डिंगें आहेत त्यांचा आकार केवढा आणि वजन किती?

प्रश्न वरवर पाहतां निरुपद्रवी होता. डिंग म्हणजे कांशाचें एक पायांचें भांडें, मांस शिजविण्याचें. पण हीं नऊ डिंगें साधीं नव्हतीं. अतिप्राचीन काळीं नऊ प्रांतांनीं धाडलेल्या धातूंतून तीं ओतलीं गेलीं आणि एका राजवंशाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, राज्यलक्ष्मीबरोबर चालत आलीं, अशी सर्व चीनची श्रद्धा होती. ज्याच्या घरीं तीं डिंगें तो सम्राट. त्यांचें वजन विचारणें म्हणजे तीं उचलून न्यावयास किती बैल लागतील ह्याचा अदमास घेणें होय.

वांगसुन मान ह्यानें दिलेलें उत्तर चीनच्या राजनीतींत अजरामर झालें आहे. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा कीं, राज्य टिकतें तें पुण्याईवर, डिंगांवर नव्हे. राजाचा आचार उज्ज्वल असेल तर डिंग लहान असलें तरी जड असतें, कोणाच्यानें तें हलत नाहीं. राजा अनाचारी झाला कीं तेंच डिंग, केवढेंहि मोठें असो, हलकें होतें. चौ वंशाचा प्रभाव उणावला आहे हें खरें. पण स्वर्गाची आज्ञा अद्याप फिरलेली नाहीं, तेव्हां वजनाची चौकशी करण्याची वेळ अजून आलेली नाहीं. हें ऐकून छूचा राजा परत गेला असें इतिहासकार सांगतात. तेव्हांपासून ‘डिंगांचें वजन विचारणें’ हा सिंहासनाची अभिलाषा धरणें ह्या अर्थाचा वाक्प्रचार चिनी भाषेंत रूढ झाला.

उत्तर सुंदर आहे. पण सुंदर उत्तर खरें असतेंच असें नाहीं. वांगसुन मान हा दुबळ्या धन्याचा चतुर सेवक होता, आणि ज्याच्या हातीं शस्त्र नाहीं त्याला नीतीची ढाल पुढें करावीच लागते. गेल्या शंभर वर्षांत चीनच्या भूमींतून हजारों कांस्यपात्रें बाहेर आलीं आहेत. त्यांच्या साक्षीनें ह्या उत्तराची परीक्षा करावी, म्हणजे डिंगाचें वजन खरोखर कशांत होतें, धातूंत, पुण्याईंत, कीं आणखी कशांत, तें पाहावें, असा प्रस्तुत लेखांत आमचा हेतु आहे.

हीं पात्रें कशासाठीं होतीं तें प्रथम सांगितलें पाहिजे. प्राचीन चिनी समजुतीप्रमाणें मेलेला पूर्वज कुळापासून तुटत नसे. तो वरच्या लोकीं राहून पीक, पाऊस, युद्ध, आजार, संतति ह्या सर्वांवर सत्ता चालवी, आणि त्याला वेळच्या वेळीं अन्न व मद्य पोंचविणें हें वंशजांचें पहिलें कर्तव्य असे. हें अन्न ज्यांत शिजवावयाचें व वाढावयाचें तीं हीं पात्रें. मांसासाठीं तीन किंवा चार पायांचें डिंग. शिजलेल्या धान्यासाठीं ग्वे. खालीं पाणी व वर धान्य ठेवून वाफेवर शिजविण्यासाठीं येन. मद्य ऊन करण्यासाठीं पन्हळीसारख्या चोंचीचें, तीन बारीक पायांवर उभें असलेलें ज्वे. तुतारीच्या तोंडासारखा उमलत गेलेला उंच प्याला तो गू. मद्य सांठविण्यासाठीं त्सुन, यू आणि हू. आणि हात धुण्याच्या पाण्यासाठीं पसरट फान. प्रत्येक जातीचा आकार ठरलेला, पण त्या आकाराच्या मर्यादेंत ओतणाऱ्याची कल्पना मोकळी.

पितरांस अन्न देण्याची कल्पना आमच्या वाचकांस परकी वाटण्याचें कारण नाहीं. तथापि एक भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. आमच्याकडे श्राद्धाचें पान वाढावयाचें तें केळीच्या पानावर किंवा पत्रावळीवर; कार्य आटोपलें कीं तें टाकून द्यावयाचें आणि पिंड पाण्यांत सोडावयाचे. आम्हीं विधि जपला, भांडें जपलें नाहीं. चिनी मनानें भांड्यालाच विधीचा आधार मानलें. तें पिढ्यान्‌पिढ्या वापरावयाचें, त्याच्या पोटांत आपलें नांव उमटवावयाचें आणि संकटकाळीं तें जिवापलीकडे सांभाळावयाचें. इतिहासाच्या अभ्यासकाला हा भेद फार मोलाचा ठरला आहे. केळीचें पान तीन हजार वर्षांनंतर कोणाच्या कुदळीला लागणार?

कांशाचीं विधिपात्रें ओतण्यास सुरुवात झाली ती होनान प्रांतांत. तेथील एरलीथोव येथें इ. स. पूर्व १७०० ते १५०० च्या सुमाराचीं पहिलीं ज्वे पात्रें सांपडलीं आहेत. तीं लहान, पातळ आणि मातीच्या भांड्यांच्या वळणाचीं आहेत. पुढें शांग वंशाच्या अमदानींत ही विद्या इतकी वाढली कीं, त्या काळच्या जगांत ओतकामांत चीनची बरोबरी करणारा दुसरा देश दाखविणें कठीण. ह्या विद्येची रीति निराळी होती. आमच्याकडे मूर्ति ओततात ती मेणाच्या साच्यानें. मेणाची प्रतिमा करावयाची, तिच्यावर मातीचा लेप द्यावयाचा, तापवून मेण वितळवून टाकावयाचें आणि त्या पोकळींत धातूचा रस सोडावयाचा. कल्याणीच्या चालुक्य कुळांतील तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकांतील आपल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत ही कृति वर्णन केली आहे. शांग कारागिरांची रीति कुंभाराच्या चाकापासून निघालेली दिसते. ते प्रथम मातीचें संपूर्ण पात्र करीत. त्यावर ओली माती दाबून तिचे सांधेजोड तुकडे कापून काढीत. हा बाहेरचा साचा. मग आंतील मूळ पात्र जेवढी धातूची जाडी हवी तेवढें तासून काढीत. हा आंतील गाभा. साचा आणि गाभा ह्यांमध्यें अंतर सारखें राहावें म्हणून कांशाचे लहान लहान तुकडे बसवीत, सर्व जोडणी बहुधा उलटी, पाय वर करून, उभी करीत आणि तांबें, कथील व शिसें ह्यांचा रस आंत सोडीत. थंड झाल्यावर साचा फोडावयाचा. एका साच्यांतून एकच पात्र निघावयाचें. म्हणून शांगकालीन उत्तम पात्रांत हुबेहूब एकसारखीं दोन मिळणें कठीण.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. संग्रहालयांत हीं पात्रें आपण पाहतों तीं हिरवीं, शेवाळलेल्या तळ्यासारखीं. आणि त्या हिरव्या रंगांतच त्यांचें गांभीर्य आहे असें आपणांस वाटतें. पण तो रंग मातीनें दिलेला आहे. देवघरांत तीं उभीं होतीं तेव्हां घांसलेल्या भांड्यासारखीं पिवळीधमक होतीं, आणि दिव्यांच्या उजेडांत त्यांवरील नक्षी हालतीबोलती दिसत असली पाहिजे.

हा उद्योग किती मोठा होता ह्याची साक्ष एकच पात्र देईल. १९३९ सालीं आन्यांगजवळील वूक्वान गांवच्या जमिनींत एक चौकोनी डिंग सांपडलें. त्याची उंची १३३ सेंटिमीटर आणि वजन ८३२ किलोग्रॅमहून अधिक. त्याच्या धातूंत शेंकडा सुमारें ८५ भाग तांबें, ११ ते १२ भाग कथील आणि सुमारें ३ भाग शिसें आहे. आंत अक्षरें तीनच. त्यांवरून तें एका राजानें आपल्या मृत आईसाठीं, म्हणजे वू ह्या मरणोत्तर नांवानें पूजिल्या जाणाऱ्या राणीसाठीं, ओतविलें असें ठरतें. एवढा रस एका मुशींत मावत नाहीं. अनेक भट्ट्या एका वेळीं पेटत्या ठेवाव्या लागतात आणि एकीचा रस थिजण्यापूर्वीं दुसरीचा ओतावा लागतो. त्याहि आधीं खाणींतून धातुक काढणारे, कोळसा पाडणारे, दूरवरून तांबें-कथील वाहून आणणारे आणि ह्या सर्वांचें पोट भरणारे शेतकरी हवेत. आन्यांगजवळच श्यावमिनतुन येथें ओतशाळेचे अवशेष व साच्यांचे हजारों तुकडे निघाले आहेत. हें डिंग म्हणजे, एका दृष्टीनें, घट्ट झालेली राजाज्ञा होय. वांगसुन मानचें उत्तर बाजूला ठेवून कोणी येथें धातूचें वजन हेंच सत्तेचें वजन असें म्हटलें, तर त्याला खोटें पाडणें सोपें नाहीं.

आन्यांग ही शांग वंशाची शेवटची राजधानी. तेथें १९२८ सालीं पद्धतशीर उत्खनन सुरू झालें आणि ली ची प्रभृति चिनी पंडितांनीं तें १९३७ पर्यंत, म्हणजे जपानचें आक्रमण होईपर्यंत, पंधरा हंगाम चालविलें. त्यापूर्वीं शांग वंश ही दंतकथा आहे असें मानणारेहि विद्वान होते. कौल लावण्यासाठीं वापरलेल्या हाडांवर व कांसवांच्या कवचांवर कोरलेल्या लेखांनीं त्यांचें समाधान केलें. परंतु राजांच्या मोठ्या कबरी पूर्वींच लुटल्या गेल्या होत्या. लुटारूंच्या हातून सुटलेली एक कबर मिळाली ती १९७६ सालीं. ती फू हाओ नांवाच्या राणीची, इ. स. पूर्व १२०० च्या सुमाराची.

फू हाओ ही राजा वू डिंग ह्याची राणी. कौलांच्या लेखांत तिचें नांव वारंवार येतें. तिला मुलगा होईल कीं मुलगी, तिची दाढदुखी कोणत्या पितराच्या कोपानें झाली, असे घरगुती प्रश्न त्यांत आहेत. तसेंच तिनें १३,००० सैन्यानिशीं स्वारीवर जावें कीं नाहीं, हाहि प्रश्न आहे. तिच्या कबरींत कांशाच्या ४६८ वस्तु निघाल्या. त्यांत विधिपात्रें दोनशेंच्या वर. सर्व कांशाचें मिळून वजन सोळाशें किलोग्रॅमच्या सुमारें. शिवाय ७५५ हरितमण्याच्या वस्तु आणि सुमारें सात हजार कवड्या. हें एका राणीच्या कबरींतलें. मोठ्या राजांच्या कबरींत काय असेल ह्याची कल्पनाच करावी.

पण ह्याच कबरींत सोळा माणसांचे सांगाडेहि निघाले. तीं माणसें राणीबरोबर पुरण्यासाठीं मारलेलीं होतीं. आन्यांगच्या राजस्मशानांत बळी दिलेल्या माणसांचे खड्डे ओळींनीं आहेत. पुष्कळांचीं मस्तकें धडापासून वेगळीं केलेलीं आहेत, आणि कौलांच्या लेखांत कोणत्या पितराला किती माणसें व किती बैल द्यावे ह्याची विचारणा एकाच ओळींत केलेली आढळते. आन्यांगच्याच एका कबरींत वाफेवर अन्न शिजविण्याच्या कांस्यपात्रांत माणसाची कवटी मिळाली आहे. ह्या पात्रांच्या सौंदर्यावर लिहिणारे पुष्कळ लेखक ह्या गोष्टीवरून घाईनें पुढें जातात. आम्हांस तसें करवत नाहीं. ज्या हातांनीं ती निर्दोष नक्षी घडविली ते हात आणि ज्यांनीं तो विधि चालविला ते हात एकाच राज्याचे होते.

त्या नक्षींतील मुख्य आकृति म्हणजे एक पशुमुख. पात्राच्या पोटावर दोन वटारलेले डोळे प्रथम दिसतात. मग शिंगें, नाक व वरचा जबडा ओळखूं येतो. खालचा जबडा बहुधा नसतोच. नीट पाहूं लागलें कीं तेंच मुख एकमेकांसमोर उभ्या राहिलेल्या दोन पशूंच्या आकृति होऊन जातें. त्याला ‘थावथ्ये’ म्हणतात. हें नांव मात्र शांग लोकांचें नव्हे. हजार वर्षांनंतरच्या, इ. स. पूर्व तिसऱ्या शतकांतील एका ग्रंथांत असें सांगितलें आहे कीं, थावथ्ये हा धड नसलेला खादाड प्राणी माणसाला गिळूं पाहतो आणि गिळण्यापूर्वींच त्याचा स्वतःचा घात होतो. आमच्या शिवालयांच्या उंबरठ्यावरचें कीर्तिमुख आणि आपलेंच अंग खाऊन टाकणाऱ्या त्या भुकेलेल्या गणाची कथा वाचकांस येथें आठवेल. दोहोंमध्यें काळाचें अंतर एवढें आहे कीं, एकानें दुसऱ्यापासून उसनें घेतलें असें म्हणण्यास आधार नाहीं. इतकें मात्र खरें कीं, अमर्याद भूक शेवटीं स्वतःलाच खाते हा विचार दोन्ही देशांना सुचला, आणि दोघांनीं तो मुखाच्याच रूपानें मांडला.

शांग वंशाचेंहि तसेंच झालें. इ. स. पूर्व १०४६ च्या सुमारास पश्चिमेकडील चौ लोकांनीं त्याचा एका प्रहरांत पराभव केला. ह्या लढाईचा समकालीन पुरावा एका भांड्यांतच आहे. १९७६ सालीं शेन्सी प्रांतांत लिनथुंग येथें एक ग्वे सांपडलें. त्यांतील तीसबत्तीस अक्षरांचा लेख सांगतो कीं, चौ राजा वू ह्यानें ठराविक दिवशीं प्रातःकाळीं शांगवर विजय मिळविला आणि आठवडाभरानें ली नांवाच्या अधिकाऱ्याला धातु बक्षीस दिली. तिचें त्यानें हें पात्र केलें. ग्रंथांत आलेला दिवस आणि भांड्यांतील दिवस एकच आहे.

येथून ह्या पात्रांच्या इतिहासाला नवें वळण लागतें. शांगकालीं पात्रांत दोनतीन अक्षरें असत: कुळाचें चिन्ह, पितराचें नांव, एवढेंच. चौकालीं पात्रें बोलूं लागलीं. राजानें नेमणूक केली, जमीन दिली, युद्धांत पराक्रम झाला, तंटा मिटला, कीं त्याचा वृत्तांत पात्राच्या आंतल्या बाजूस ओतीव अक्षरांत घालावयाचा आणि शेवटीं पुत्रपौत्रांनीं हें पात्र सदैव जपावें व वापरावें अशी इच्छा प्रकट करावयाची. १९७५ सालीं शेन्सींतील तुंगच्या गांवीं मिळालेल्या पात्रांत एका गृहस्थानें हरितमणि व कातडीं देऊन शेतें कशीं घेतलीं ह्याचे करार आहेत. पुढच्याच वर्षीं च्वांगपै येथें १०३ पात्रांचा सांठा एका खड्ड्यांत मिळाला. त्यांतील एका फानमध्यें छ्यांग नांवाच्या दरबारी लेखकानें २८४ अक्षरांत सहा चौ राजांची आणि आपल्या कुळांतील पुरुषांची हकीकत समोरासमोर मांडली आहे. सर्वांत लांब लेख आहे तो माव गुंग डिंगाचा. तैपेच्या राजप्रासाद संग्रहालयांतील ह्या डिंगाची उंची ५४ सेंटिमीटरहि भरत नाहीं, पण त्याच्या पोटांत जवळजवळ पांचशें अक्षरें आहेत. पात्राचें वजन आतां अक्षरांत उतरलें.

आणि ह्याच लेखांतून वांगसुन मानच्या उत्तराचा उगम दिसूं लागतो. ‘मोठें यू डिंग’ ह्या नांवानें प्रसिद्ध असलेलें एक पात्र आहे. वजन १५३ किलोग्रॅमच्या वर, लेख २९१ अक्षरांचा. त्यांत चौ राजा यू नांवाच्या सरदारास उपदेश करितो कीं, शांगांनीं स्वर्गाची आज्ञा गमावली ती त्यांचे अधिकारी मद्यांत बुडाले म्हणून. तूं सावध राहा, पूर्वजांचें शील चालव. हा केवळ उपदेश नव्हता. चौकाळ जसजसा पुढें सरकतो तसतशीं मद्याचीं पात्रें कमी होत जातात आणि धान्याचीं व मांसाचीं वाढत जातात. राज्य शीलावर अवलंबून आहे हा सिद्धांत प्रथम मांडला तो ज्यांनीं दुसऱ्याचें राज्य घेतलें त्यांनीं. त्यांना तो हवाच होता; त्याशिवाय त्यांची चढाई ही नुसती लूट ठरली असती. पण स्वार्थासाठीं उच्चारलेलें तत्त्व उच्चारणाऱ्यालाहि बांधून ठेवतें. ज्या न्यायानें शांग गेले त्याच न्यायानें आपणहि जाऊं, ही भीति चौ राजांनीं स्वतःच कांशांत ओतून ठेविली.

तथापि त्याच लेखाचा उत्तरार्ध वाचला म्हणजे मन थबकतें. उपदेश संपल्यावर राजा यूला बक्षिसें देतो: मद्य, वस्त्रें, रथ, घोडे आणि एक हजाराहून अधिक माणसें. शील आणि माणसांचें दान हीं एकाच पात्राच्या पोटांत शेजारीं शेजारीं आहेत. पुण्याईचें वजन सांगणाऱ्या ह्या तराजूंत त्या हजार माणसांना कोठें बसवावयाचें? त्यांपैकीं एकाचेंहि नांव लेखांत नाहीं.

इ. स. पूर्व नवव्या शतकाच्या सुमारास चौ विधीला कडक शिस्त लागली. नक्षी साधी झाली, एकसारख्या पात्रांचे संच आले आणि संख्येवरून दर्जा ठरूं लागला. पुढील ग्रंथकारांनीं नियम दिला आहे तो असा कीं, सम्राटाला नऊ डिंगें व आठ ग्वे, मांडलिकाला सात व सहा, मोठ्या अधिकाऱ्याला पांच व चार. नियम झाला कीं तो मोडण्याची हौसहि आली. १९७८ सालीं हूपे प्रांतांत स्वेचौजवळ त्सेंग नांवाच्या लहानशा राज्याच्या यी नामक अधिपतीची कबर उकरण्यांत आली, ती इ. स. पूर्व ४३३ च्या सुमाराची. तींत ६५ कांस्यघंटांचा अद्भुत संच होता. त्या संगीताच्या घंटांवर दोन ठिकाणीं ठोकलें असतां दोन निरनिराळे स्वर निघतात. सर्व कांसें मिळून दहा टनांच्या आसपास. आणि डिंगें किती? नऊ, बरोबर ग्वे आठ. नकाशावर ज्याचें राज्य शोधावें लागतें तो सम्राटाच्या इतमामानें जेवत होता. त्याच कबरींत एकवीस तरुण स्त्रिया पुरलेल्या होत्या. वांगसुन मानच्या उत्तराला तोंपर्यंत पावणेदोनशें वर्षें होऊन गेलीं होतीं. उत्तर सर्वांना पाठ होतें. आचरण कोणाचेंहि नव्हतें.

त्या मूळ नऊ डिंगांचें पुढें काय झालें? चौ वंशाचा शेवट झाला तेव्हां तीं नाहींशीं झालीं. एक स्सू नदींत पडलें अशी वदंता होती. सर्व चीन जिंकून घेणाऱ्या छिन सम्राटानें इ. स. पूर्व २१९ मध्यें एक हजार माणसें त्या नदींत उतरविलीं. डिंग मिळालें नाहीं. पुढें चारशें वर्षांनीं हान काळच्या शिल्पकारांनीं शांतुंगमधील वू कुळाच्या स्मारकांत हा प्रसंग दगडावर कोरला. दोहों बाजूंनीं माणसें दोर ओढीत आहेत, डिंग पाण्याबाहेर येत आहे, आणि तेवढ्यांत आंतून एक नाग डोकें वर काढून दोर तोडतो आहे. ज्या सम्राटाला सर्व चीन वश झाला त्याला एक भांडें वश झालें नाहीं, ह्यांत लोकांना केवढें समाधान वाटलें असेल! वांगसुन मानचें उत्तर दरबारांत हरलें. पण लोकमानसांत तें जिवंत होतें.

हान काळानंतर जुनीं पात्रें नदीकांठीं वा शेतांत सांपडलीं म्हणजे शुभशकुन मानला जाई. त्यांचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो सुंग काळीं. ल्यू तालिन ह्यानें १०९२ मध्यें चित्रांसह पात्रांची सूची तयार केली. पुढें सम्राट ह्वेत्सुंग ह्याच्या संग्रहाची ८३९ पात्रांची सूची झाली. आज विद्वान जीं नांवें वापरतात त्यांतील पुष्कळशीं ह्या पंडितांनीं निश्चित केलेलीं आहेत. युरोपांत पुराणवस्तुशास्त्राचें नांवहि नव्हतें त्या काळची ही गोष्ट. पण एवढा मोठा संग्रह असून ह्वेत्सुंगचें राज्य वांचलें नाहीं. ११२७ मध्यें उत्तरेकडील जुर्चेन लोकांनीं राजधानी घेतली, संग्रह लुटला गेला आणि सम्राट कैदेंतच वारला.

ह्याच धामधुमींत एका दांपत्याची कथा येते. कवयित्री ली छिंगचाव आणि तिचा पति चाव मिंगछेंग ह्यांनीं उमेदीचीं वर्षें पोटाला चिमटा घेऊन जुने लेख, ग्रंथ आणि पात्रें जमविण्यांत घालविलीं होतीं. परचक्र आलें तेव्हां दोघें दक्षिणेस निघालीं. वाटेंत पतीला नोकरीच्या हुकमानें वेगळें जावें लागलें. निरोप घेतांना तिनें विचारलें, प्रसंग आला तर काय करूं? त्यानें क्रम सांगितला: आधीं सामान टाकावें, मग कपडे, मग ग्रंथ व चित्रें, मग जुन्या वस्तु, पूर्वजांच्या विधीचीं पात्रें मात्र स्वतः उचलून घ्यावीं आणि जगणेंमरणें त्यांच्याबरोबर करावें. त्याच वर्षीं, ११२९ मध्यें, तो वारला. संग्रहहि हळूहळू आगींत, चोरींत आणि पळापळींत गेला. पतीच्या ग्रंथाला जोडलेल्या उपसंहारांत तिनें ही हकीकत लिहिली आहे, आणि असें लिहितांना पतीच्या त्या प्रेमाविषयीं तिच्या मनांत शंकाहि डोकावते. वस्तूंच्या मोहानें माणूस वस्तूंचा चाकर होतो कीं काय, हा तिचा प्रश्न आमच्या मतें छूच्या राजाच्या प्रश्नापेक्षां अधिक खोल आहे.

अर्वाचीन काळांतहि ह्या पात्रांच्या वाट्याला तीच धांवपळ आली. वर सांगितलेलें ८३२ किलोग्रॅमचें डिंग गांवकऱ्यांनीं बाहेर काढलें आणि जपानी फौजेच्या भयानें पुन्हां पुरलें. १९४६ मध्यें तें दुसऱ्यांदां निघालें, तें एका कानाशिवाय. ‘मोठें यू डिंग’ आणि त्याच्या जोडीचें दोनशें किलोग्रॅमचें ‘मोठें ख डिंग’ हीं सूचौच्या फान कुळाकडे होतीं. ह्या कुळांतील फान तायू ह्या तरुण विधवेनें १९३७ मध्यें शत्रु जवळ येतांच घरच्याच जमिनींत दोन्ही पुरलीं. सैनिकांनीं घराची पुनःपुन्हां झडती घेतली; डिंगें मिळालीं नाहींत. १९५१ मध्यें तिनें तीं दोन्ही शांघायच्या संग्रहालयास देऊन टाकलीं, आणि २००४ मध्यें तिच्या शतकपूर्तीच्या निमित्तानें तीं एकत्र मांडण्यांत आलीं. पुत्रपौत्रांनीं जपावें अशी लेखकांची इच्छा होती. जपलें तें दुसऱ्याच कुळांत जन्मलेल्या एका निपुत्रिक सुनेनें.

आणखी एक उदाहरण. १९६३ मध्यें शेन्सींतील पावची येथें एक त्सुन मिळालें आणि मोडींत विकलें गेलें. १९६५ मध्यें एका संग्रहालयाच्या माणसाला तें मोडीच्या ढिगांत दिसलें. तीस युआन देऊन त्यानें तें वांचविलें. दहा वर्षें तें नुसतें सुंदर पात्र म्हणून राहिलें. १९७५ मध्यें साफसफाई करतांना तळाच्या गंजाखालीं १२२ अक्षरें मिळालीं. त्यांत चौ राजानें मध्यभूमींत राजधानी वसविल्याचा वृत्तांत आहे, आणि ज्या दोन अक्षरांनीं चिनी लोक आज आपल्या देशाचें नांव लिहितात तीं त्या अर्थाच्या जवळपास प्रथम आढळतात तीं येथेंच. एका राष्ट्राचें नांव वितळून जाण्याच्या बेतांत होतें, आणि त्याची किंमत भंगारवाल्यानें तीस युआन केली होती!

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. वांगसुन मानचें उत्तर खरें होतें काय? त्या अर्थानें नव्हतें. शीलवानाचें डिंग जड राहिलें आणि दुराचाऱ्याचें हलकें झालें असें इतिहास दाखवीत नाहीं. जो सबळ त्यानें तें नेलें, आणि ज्याची कबर लुटारूंच्या नजरेंतून सुटली त्याचें तें शाबूत राहिलें. तरीहि तें उत्तर व्यर्थ नव्हतें. शांग राजांनीं धातूचा ढीग घालून जी सत्ता दाखविली तिच्याविषयीं आज आपण विचारतों तें हें कीं, त्या सोळा माणसांचें काय? यूच्या डिंगाविषयीं विचारतों कीं, त्या हजार माणसांचें काय? हे प्रश्न छूच्या राजाला सुचले नसते. ते आपणांस सुचतात, कारण भांड्याचें वजन भांड्याबाहेर मोजावें लागतें हें कोणीतरी एकदां, भीतीपोटीं का होईना, मोठ्यानें म्हणून ठेविलें होतें.

ज्यांनीं हीं पात्रें करविलीं त्यांचीं राज्यें गेलीं, कुळें गेलीं, त्यांचे पितरहि उपाशी राहिले. पात्रें उरलीं तीं ओतणाऱ्याच्या हातगुणानें, मातीच्या कृपेनें, आणि वेळप्रसंगीं जमीन उकरून तीं लपविणाऱ्या अथवा मोडींतून उचलणाऱ्या साध्या माणसांमुळें. ओतणाऱ्याचें नांव डिंगावर बहुधा आढळत नाहीं. बळींचें तर नाहींच. पुढच्या वेळीं संग्रहालयांत अशा एखाद्या हिरव्या पात्रापुढें उभें राहिल्यावर वाचकांनीं त्यावरील पाटी वाचावी, त्यांतील राजाचें नांव वाचावें आणि मग क्षणभर त्या न लिहिलेल्या नांवांसाठींहि थांबावें. डिंगाच्या वजनांत तींहि धरावयाचीं आहेत.